उघड्या टपाची गाडी, शक्यतो लाल नको

९ मार्च

उत्तरेचा वारा. अंगणातला बर्फ अजून गुडघाभर.

चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी जाहीर झालं, की यंदा मका जत्रेच्या मिरवणुकीत उघड्या गाडीतून मिरवायची मानकरी, अर्थात मार्शल, मार्लिस. म्हणजे माझी बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचं आयुष्य गेलं. आमच्या होल्मडाल गावात पन्नाशीच्या आतलं असं कुणी नाही ज्याने तिच्या हातचं खाल्लेलं नाही, आणि तिच्या धाकाने गाजरं संपवलेली नाहीत. तेव्हा निवड रास्तच आहे.

मार्लिस म्हणाली, "छे छे, माझ्यापेक्षा लायक कितीतरी आहेत."

पाद्रीबाईंनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "अहो, राहू द्या ना, कशाला."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "बरं, आता तुम्ही म्हणताच आहात तर."

सगळं रीतीप्रमाणे झालं. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा हावरट आणि दुसऱ्याला म्हणणारा उतावळा समजतात.

मग डुएन हेग उठला आणि म्हणाला, "गाडीची काळजी नको. माझी लाल कॅडिलॅक आहेच." गावातले सगळे मार्शल डुएनच्याच उघड्या टपाच्या गाडीतून मिरवतात. त्याआधी त्याच्या वडिलांच्या गाडीतून मिरवायचे. डुएन माझा शाळेपासूनचा मित्र आहे. त्याच्याविरुद्ध माझी काहीएक तक्रार नाही, हे इथे लिहून ठेवलेलं बरं.

घरी येताना मनात आलं, की आपणही एखादी जुनी उघड्या टपाची गाडी घ्यावी. गुंतवणूक म्हणून. याचा मिरवणुकीशी काही संबंध नाही.

१० मार्च

झोप लागली नाही. खरं काय ते लिहून टाकतो, ही वही कुणी वाचत नाही.

सहासष्ट सालच्या शरदात शाळेच्या मिरवणुकीची राणी मार्लिस होती. डुएनच्या वडिलांच्या गाडीत मागे उंचावर बसली होती, गाडी डुएन चालवत होता, आणि गाडीच्या मागे शाळेचा बँड. बँडमध्ये ट्यूबा हा भलामोठा पितळी कर्णा घेऊन मी. धान्याच्या कोठारापासून तळ्यापर्यंत मी तिच्या मानेकडे बघत वाजवत गेलो. ती दोन्ही बाजूंच्या लोकांकडे बघून हसत होती. मागे वळून तिने एकदाही पाहिलं नाही. राणीने मागे बघायचं नसतंच म्हणा.

पुढे तिने लग्न माझ्याशी केलं, त्यामुळे तो विषय संपला. पण आता आमचा म्हाताऱ्यांचा बँड गवताच्या गाड्यावर बसून वाजवतो, आणि तो गाडा नेहमी मार्शलच्या गाडीच्या मागेच असतो. ट्यूबा माझ्याकडेच आहे. म्हणजे यंदा पुन्हा तेच. डुएन पुढे, मार्लिस त्याच्या गाडीत, आणि मी तिच्या मानेकडे बघत पों पों करत मागे.

हे मला सहन होणार नाही.

२१ मार्च

मार्लिसला सांगितलं, गाडी घ्यायचा विचार आहे.

ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "कशासाठी?"

"गुंतवणूक."

तिने सुरी खाली ठेवली. "आणखी काही कारण?"

"नाही. आणखी काय असणार?"

मग म्हणाली, "बरं," आणि पुन्हा बटाट्यांकडे वळली. पैशांबद्दल चकार शब्द नाही. बायको समजूतदार आहे.

३ एप्रिल

रस्ते मोकळे झाले. खड्डे दिसू लागले.

अडचण अशी, की जुन्या गाड्यांतलं कळणारा गावात एकच माणूस आहे, आणि तो डुएन. जिवावर आलं होतं, पण विचारलं. दोनदा मी "तुला त्रास नको" म्हणालो, दोनदा तो "मला कसला त्रास" म्हणाला, आणि आम्ही सेंट क्लाउडला निळी मस्टँग बघायला गेलो.

दिसायला गाडी देखणी. मी मनातल्या मनात किल्ली खिशात टाकली होती. डुएनने जुन्या मोज्यातून एक लोहचुंबक काढलं आणि दाराच्या खालच्या अंगाला लावलं. ते टपकन खाली पडलं. दुसरीकडे लावलं, तिथेही पडलं.

"पत्रा कधीच गेला," डुएन हळूच म्हणाला, कारण मालक शेजारी उभा होता. "बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खाल्लाय. ही सगळी पुट्टी आहे, वरून रंग." मालकाला मात्र मोठ्याने म्हणाला, "रंग फार सुंदर ठेवलाय हो तुम्ही."

परत येताना म्हणाला, "शिवाय मागची सीट अरुंद. मार्लिस चढणार कशी? तिचा उजवा गुडघा वाकत नाही नीट."

माझ्या बायकोच्या गुडघ्याची पंचाईत याला कशाला? आणि माझ्या माहितीप्रमाणे डावा दुखतो. बरं, मी त्याला गाडी गुंतवणुकीसाठीच हवी असं सांगितलं होतं. गुंतवणुकीच्या मागच्या सीटवर मार्लिस कशाला चढेल, हे विचारायचं राहून गेलं.

रात्री जेवताना नीट पाहिलं. उजवाच.

२५ एप्रिल

फार्गोला एकोणसाठची कॅडिलॅक पाहिली. मागे दोन्ही बाजूंना माशासारखे पर. डुएनच्या गाडीपेक्षा हातभर लांब, आणि मला तिचा तेवढाच गुण दिसत होता.

डुएनने चुंबक लावलं, ते सगळीकडे चिकटलं. म्हणाला, "तुला आवडली असेल तर घे, एल्डन. पत्रा अस्सल आहे."

इतक्या सहज कसा म्हणाला? माणूस स्वतःच्या गाडीपेक्षा लांब गाडी मित्राला घे म्हणतो, म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार. मी विचार करतो म्हणून सांगितलं.

घरी येऊन गॅरेज मोजलं. ती आत घ्यायची तर हरणाच्या मांसाचा फ्रीझर बाहेर काढावा लागेल, आणि तरी दार लागणार नाही. खोट मिळाली.

मार्लिस दारात उभी राहून मला फीत धरताना बघत होती. म्हणाली, "एवढी लांब कशाला? चढायला सोपी असली म्हणजे झालं."

म्हटलं, "मला चढायला काही त्रास नाही."

१६ मे

लायलॅकची झाडं फुलली. डासही आले.

आज डुएनला न सांगता एकटा गेलो. तळ्याकाठी न्यू जर्सीचा एक गृहस्थ राहायला आलाय, त्याची पासष्टची इम्पाला विकाऊ होती. पांढरी, आत लाल सीट, दारं चर्चच्या दारांएवढी. मी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला कळलं, की हीच.

तो म्हणाला, "चालवून बघता?"

म्हटलं, "नको, कशाला उगाच तुम्हाला त्रास."

"बरं," म्हणाला, आणि किल्ली खिशात टाकली.

मी उभा राहिलो. तोही उभा राहिला. मला वाटलं आता विचारेल. त्याने विचारलं, "कॉफी?"

"नको नको, राहू द्या."

"बरं," म्हणाला.

कॉफी नाही, किल्ली नाही. मी हवेबद्दल बोललो, मासे लागतायत का विचारलं. शेवटी त्याने तोंडावरच विचारलं, "घेणार की नाही?" अशा प्रश्नाला माणूस काय उत्तर देणार? म्हटलं, "तुम्हाला दुसरं कुणी घेणारं असेल तर माझ्यामुळे अडू नका." एवढं म्हणतोय तोवर शिकागोची एक दातांची डॉक्टरीण गाडीतून उतरली, म्हणाली, "किती? ठीक आहे, घेतली," आणि त्याने किल्ली तिच्या हातात दिली. पहिल्या झटक्यात! आईबापांनी काहीच शिकवलेलं नसणार.

मार्लिसला सांगितलं तर ती हसत सुटली. खुर्चीत बसावं लागलं तिला. मग डोळे पुसत म्हणाली, "एल्डन, तिसऱ्यांदा विचारेपर्यंत थांबायची सवय सगळ्यांना नसते रे. काहींना असते."

"खरंय," मी म्हटलं. "न्यू जर्सीच्या लोकांना अजिबात नसते."

तिने उसासा सोडला. तिलाही ती गाडी आवडली असती असं दिसतं.

१२ जून

गाडी घेतली.

डुएननेच पत्ता काढला. आर्डिस क्वाम नावाची शेतकरी बाई, नवऱ्यामागे त्याची सदुसष्टची प्लिमथ गोठ्यात झाकून ठेवलेली. रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा. सुंदर म्हणता येणार नाही, पण स्वच्छ. चुंबक जिथे लावलं तिथे चिकटलं. डुएनने मागच्या सीटवर स्वतः चढून पाहिलं, उजवा पाय ताठ ठेवून. त्याचा पाय अवघडला असेल.

मग भाव. मिसेस क्वाम म्हणाल्या, "एवढे सांगायलाच मला कसंतरी होतं. टप वर सरकतच नाही, उंदरांनी कापड खाल्लंय. थोडे कमीच द्या."

म्हटलं, "छे, एवढ्या चांगल्या गाडीचे एवढेच? माझ्याकडून थोडे जास्त घ्या."

"मग मी रात्री झोपणार कशी?" असं म्हणून त्यांनी आणखी कमी केले. मी आणखी वाढवले. आम्ही एकमेकांपासून इतके लांब गेलो, की डुएनने मध्ये पडून पहिल्याच आकड्यावर आणून बसवलं. मग पाय निघेना. ओसरीत एकदा, पायऱ्यांवर एकदा आणि गाडीत बसल्यावर काच नसलेल्या खिडकीतून एकदा निरोप झाला. बाईंचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, "तो मला दर रविवारी हिच्यातून न्यायचा. न मागता."

टप बंद होत नाही, तेव्हा तसाच निघालो. पुढे सगळ्या वाटेने गवताचा ट्रक. ओलांडायला जागा होती, पण त्या ड्रायव्हरला वाटलं असतं मी घाई करतोय, म्हणून मागेच राहिलो. घरी पोचलो तेव्हा टोपीत, कॉलरमध्ये, कानात गवत. मार्लिसने अंगणात उभं करून एकेक काडी वेचली.

मग ती गाडीभोवती फिरली आणि दार उघडून मागे चढली. गुडघ्याने कुरकुर केली नाही. सीटच्या पाठीवर उंच बसली आणि एक हात हवेत उचलून हळूहळू हलवू लागली. मी बघतोय हे लक्षात येताच हात खाली घेतला. डास फार झालेत यंदा.

धीर करून म्हटलं, "जत्रेला हवी असली तर ही गाडी आहेच म्हणा."

ती म्हणाली, "छे, डुएनने सांगून ठेवलंय. त्याला कशाला दुखवायचं?"

म्हटलं, "बरं." आणि गॅरेजमध्ये जाऊन बसलो. एवढा आटापिटा केला, तिने एका वाक्यात निकाल लावला. फार वाईट वाटलं, ते लिहितो आणि झोपतो.

१८ जुलै

उकाडा. मका डोक्याएवढा.

मार्लिसने मिरवणुकीसाठी नवा पोशाख शिवून घेतला. दूध घातलेल्या कॉफीचा रंग. डुएनच्या लालभडक गाडीवर तो अगदी मातकट दिसणार, पण मी बोललो नाही. आधीच मन खट्टू आहे, त्यात भांडण नको.

जेवण झाल्यावर पुन्हा एकदा विषय काढला. "अजून काही पक्कं ठरलं नसेल तर, प्लिमथ उभीच आहे."

म्हणाली, "आणि ट्यूबा कोण वाजवणार? बँडची पंचाईत नको व्हायला."

हेही खरं. म्हणजे दोनदा विचारलं आणि दोनदा नाही. माणसाने अपमान तरी किती करून घ्यायचा? विषय संपला. ती बराच वेळ टेबलाशी बसून होती, भांडी न उचलता. मी वर झोपायला गेलो, तेव्हा तिने मागून हाक मारली, "एल्डन?"

"काय?"

"काही नाही. तू काही म्हणणार होतास का?"

"नाही."

खाली भांडी जरा जोरात आपटली.

२ ऑगस्ट

डुएन प्लिमथचे प्लग साफ करायला आला होता. म्हणाला, "मग, मिरवणुकीचं काय ठरलं?"

म्हटलं, "काय ठरायचंय? तुझी गाडी. दोनदा विचारलं, नको म्हणाली."

डुएनने हातातला पाना खाली ठेवला. "दोनदा?"

"दोनदा."

"आणि मग?"

"मग काय? चर्चमधल्या कॉफीला माणूस तीनदा विचारतो. घरात बायकोला कोण तीनदा विचारतो? तिला हवं असतं तर हो म्हणाली असती."

त्याने हात पुसले आणि आत मार्लिसकडे पाणी प्यायला गेला. पाण्याला त्याला फार वेळ लागला. बाहेर आला तेव्हा दोघं हसत होते, मला बघून थांबले. अजून त्यांचं चांगलं जमतं. मला त्याचं काही वाटत नाही असं मी लिहिणार होतो. वाटतं.

१३ ऑगस्ट

जत्रा. आकाश स्वच्छ.

सकाळी ट्यूबा प्लिमथच्या मागच्या सीटवर ठेवून कोठारापाशी गेलो. दुसऱ्या कुठल्या गाडीत तो मावत नाही. मिरवणूक रांगेत उभी होती: झेंडे, ट्रॅक्टर, शाळेची पोरं, आणि मार्शलच्या जागी डुएनची लाल कॅडिलॅक, आरशासारखी पुसलेली. मार्लिस नव्या पोशाखात, खांद्यावरून पट्टा. मी पोचलो आणि तिच्याकडे बघतच राहिलो.

डुएनने किल्ली फिरवली. इंजिन खर्र खर्र करत राहिलं, पण पेटेना. पुन्हा फिरवली. मग त्याने बॉनेट उघडलं आणि आत बघत उभा राहिला, काही न करता, खुशाल. त्याच्या सदऱ्याच्या खिशातून काळ्या जाड वायरचा एक तुकडा बाहेर डोकावत होता. मी म्हटलं, "खिशात काय ते?" तर त्याने वरून रुमाल खोचला.

"नाही सुरू व्हायची," म्हणाला. "आता उघड्या टपाची गाडी आणायची कुठून?"

माझी गाडी समोर उभी होती, टप कायमचा उघडा. पण गावातल्या कुणीही तिच्याकडे बोट दाखवलं नाही. कुणी आकाशाकडे बघत होतं, कुणी बुटांकडे. पाद्रीबाई म्हणाल्या, "हवा मात्र छान पडलीय." मार्लिस तर माझ्याकडे बघतही नव्हती. पट्टा नीट करत होती, आणि तिची बोटं एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरत होती.

तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं. सगळ्यांसमोर. "मार्लिस, माझ्या गाडीत बस. डुएनची बंद पडली म्हणून नाही म्हणत. ही गाडी मी तुझ्यासाठीच घेतली. गुंतवणूक वगैरे सगळं झूट. शाळेत असल्यापासून मी या मिरवणुकीत तुझी मान बघतोय, मला आता ते जमत नाही."

कुणीतरी खोकलं. एवढं कुणी चारचौघांत बोलत नाही आमच्याकडे. मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मार्लिस म्हणाली, "बरं, आता तू म्हणतोच आहेस तर."

आणि मी दार उघडायच्या आत चढलीसुद्धा. ट्यूबा तोवर कुणीतरी काढून घेतला होता. मागे पाहिलं तर तो डुएनच्या मांडीवर होता, गवताच्या गाड्यावर. त्याला ओ की ठो येत नाही, पण दर चार पावलांना एकच सूर काढत होता. गाड्याचे घोडे बिथरले, तरी थांबला नाही.

पोशाख आणि गाडी अगदी एका रंगाची. योगायोग बघा.

मी कोठारापासून तळ्यापर्यंत पायी चालतात त्या वेगाने गाडी नेली. लोक दोन्ही बाजूंनी तिला हाका मारत होते, टक्कल पडलेले बाप्ये ओरडून सांगत होते की गाजरं अजून खातो. मी आरसा हळूच वर वळवला. ती हसत होती, हात हलवत होती, आणि वळणावर तिने आरशात पाहिलं. सरळ माझ्याकडे. मार्शलने असं बघायचं नसतं.

रस्ता नीट दिसेना, म्हणून आणखी हळू घेतली.

१४ ऑगस्ट

ढगाळ. मक्याचं अपचन.

चर्चनंतर डुएनकडे गेलो. लाल गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. वायरच निघाली होती म्हणे, घरी येऊन बसवली. मग मिरवणुकीच्या वेळी ती त्याच्या खिशात काय करत होती, असं मी विचारलं, तर म्हणाला, "वय झालं, एल्डन. वस्तू कुठे ठेवतो लक्षात राहत नाही." आणि मला कॉफी विचारली. मी दोनदा नको म्हटलं, त्याने तिसऱ्यांदा विचारलं, मी प्यायलो. चांगला माणूस आहे. पण आता तो थकला, आणि त्याच्या गाडीवर काही भरवसा राहिला नाही.

मार्लिसशी बोललो, की डुएनला एखादी चांगली गाडी निवडायला आपण मदत करायला हवी. ती म्हणाली, "हो, तुझ्याइतकं त्यातलं कळतं कुणाला?" आणि मान वळवून हसली.

लाल मात्र नको, हे मी त्याला सांगणार आहे.